लोखंडाचा आकडा का बदलतो?

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. दहावी मराठीतून झाली, आता अकरावी सायन्सला आहे आणि सगळं एकदम इंग्रजीतून सुरू झालं. केमिस्ट्रीतली एक गोष्ट डोक्यातून जातच नाही. सोडियमची संयुजा नेहमी १, मॅग्नेशियमची नेहमी २. मग लोखंडाची कधी २ कधी ३, तांब्याची कधी १ कधी २, असं का? अष्टक पूर्ण करण्यासाठी अणू इलेक्ट्रॉन देतात असं आम्ही शिकलो. लोखंडाचं तर २ देऊनही अष्टक होत नाही आणि ३ देऊनही होत नाही. वर्गात विचारलं तर उत्तर आलं, "पाठ कर व, हे परीक्षेले येत नाही." पोरं हसली. तेव्हापासून मी विचारणंच बंद केलं. घरी संत्र्याचा बगीचा आहे. बाबा म्हणतात, जमत नसेल तर आर्ट्सले नाव टाक, वर्ष वाया जाऊ देऊ नको. मला खरंच सायन्स जमत नाही का?

उत्तर:

बेटा, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "२ देऊनही अष्टक होत नाही आणि ३ देऊनही होत नाही." हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तू कागदावर २६ इलेक्ट्रॉन मांडलेस, २, ८, १४, २ असे. दोन काढले तर बाहेरच्या कवचात १४ उरले, तीन काढले तर १३. आठ कुठेच आले नाहीत, म्हणून तू अडलीस. ज्याला विषय जमत नाही, तो इथपर्यंत पोचत नाही, तो अडण्याआधीच पाठ करून मोकळा होतो. शाखा बदलायची की नाही ते खाली बोलू. आधी प्रश्न घेऊ, कारण तुझ्या काळजीचं मूळ तोच आहे.

हा प्रश्न किती मोठ्या माणसांना पडला होता, ते आधी ऐक. एका मूलद्रव्याचा अणू ठरावीक संख्येनेच दुसऱ्या अणूंशी जोडला जातो, ही संयुजेची कल्पना एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली मांडली. पुढे केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने ठामपणे धरलं की मूलद्रव्याची संयुजा कधी बदलत नाही. दुसऱ्यांना प्रयोगात ती बदलताना दिसत होती. वर्षानुवर्षं वाद चालला आणि तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच माहीत नव्हता, कारण जे. जे. थॉमसन यांनी तो शोधला १८९७ साली. ज्या प्रश्नावर तुझा वर्ग हसला, त्यावर युरोपातल्या प्रयोगशाळा अशा भांडल्या आहेत.

आता मुद्दा. अष्टकाचा नियम खोटा नाही, पण तो पहिल्या वीसेक मूलद्रव्यांच्या मापाने शिवलेला आहे. शाळेत आपण सोडियम, मॅग्नेशियम, क्लोरीन, ऑक्सिजन यांच्यावरच तो शिकतो, म्हणून तो सगळीकडे लागू आहे असं वाटतं. शिवाय धातू इलेक्ट्रॉन "देतो" हा शब्दही फसवतो. कोणताही अणू आपला इलेक्ट्रॉन खुशीने देत नाही. तो ओढून काढावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. मग कुणी आणि कशासाठी मोजायची? इथेच तुझं उत्तर आहे.

तुमच्याकडे विहीर खणताना पाहिलीच असशील. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मातीत खणणं सोपं, मुरमात जड, आणि पाषाण लागला की सुरुंग लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. सोडियमची जमीन अशी की वर एकच हात माती आणि लगेच पाषाण. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला ४५६२. नऊ पटींहून जास्त! कारण पहिला इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात एकटा होता, आणि दुसरा आतल्या, केंद्रकाच्या जवळच्या, पूर्ण भरलेल्या कवचातला आहे. मॅग्नेशियमला दोन हात माती. पहिल्याला ७३८, दुसऱ्याला १४५१ आणि तिसऱ्याला थेट ७७३३. सोडियम १ वर आणि मॅग्नेशियम २ वर थांबतं ते अष्टकाच्या आवडीने नाही, पुढे पाषाण आहे म्हणून.

आता लोखंड बघ. पहिला ७६२, दुसरा १५६२, तिसरा २९५७, चौथा ५२९०. दर पायरीला किंमत साधारण दुप्पट होते, पण मधे कुठेही एकदम उडी नाही. माती, मग मऊ मुरूम, मग कडक मुरूम, मग त्याहून कडक. पाषाणाची रेघच नाही. असं का, तर लोखंडाचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन ४एस या चौथ्या कवचातल्या घरात आहेत आणि त्यांच्या आतले सहा ३डी या तिसऱ्या कवचातल्या घरात, आणि या दोन घरांची ऊर्जा एकमेकींच्या फार जवळ आहे. बाहेरचे दोन गेल्यावर तिसरा ज्या घरातून येतो, ते सोडियमच्या आतल्या कवचासारखं बंद, भरलेलं घर नाही. ३डी मध्ये दहांची जागा आणि राहणारे सहा. म्हणून तिसरा महाग पडतो, पण अशक्य होत नाही.

एक बारकावा इथेच सांगते, कारण पुढे बारावीत तो तुला फार उपयोगी पडेल. ३डी मध्ये पाच खोल्या असतात. सहा इलेक्ट्रॉन असले की चार खोल्यांत एकेक आणि एका खोलीत दोघे. दोघे एकमेकांना ढकलतात, कारण दोघांवरही ऋण प्रभार. त्यातला एक बाहेर गेला की पाचही खोल्यांत एकेक राहतो आणि ढकलाढकल कमी होते. म्हणून लोखंडाला ३ व्हायला त्यातल्या त्यात सोपं जातं. शेजारच्या मँगनीजचं उलट. दोन देऊन झाल्यावर त्याच्याकडे आधीच पाच खोल्यांत पाच इलेक्ट्रॉन असतात, ती घडी मोडायची नसते, म्हणून त्याच्या तिसऱ्या इलेक्ट्रॉनला ३२४८ किलोज्यूल पडतात. लोखंडाच्या २९५७ पेक्षा हे बरंच जास्त आहे.

झाली खर्चाची बाजू. पण नुसता खर्च बघून कुणी विहीर खणत नाही. पाणी किती लागणार हेही बघतात. इथे पाणी म्हणजे, धन आयन आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने प्रभार चढलेले अणू) एकमेकांना घट्ट बिलगून स्फटिक बनवतात तेव्हा परत मिळणारी ऊर्जा. आयन पाण्यात विरघळले तर पाण्याचे रेणू त्यांना गराडा घालतात, त्यातूनही ऊर्जा सुटते. प्रभार जितका जास्त आणि आयन जितका लहान, तितकी ही परतफेड मोठी. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढला तर परतफेड वाढेल, पण ४५६२ भरून निघण्याइतकी नाही. लोखंडाच्या बाबतीत तिसऱ्याची किंमत आणि त्याची परतफेड इतकी जवळजवळ येते की समोर कोण आहे त्यावर तराजू इकडे किंवा तिकडे झुकतो. म्हणून आकडा बदलतो.

समोरचा कोण याला किती महत्त्व आहे, ते बघ. तापलेलं लोखंड क्लोरीन वायूत धरलं तर फेरिक क्लोराइड मिळतं, संयुजा ३. तेच लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं तर हायड्रोजन वायू निघतो आणि फेरस क्लोराइड बनतं, संयुजा २. दोन्हीकडे क्लोरीनच आहे! पण क्लोरीन वायू इलेक्ट्रॉन ओढायला जबरदस्त, तो तिसराही काढून घेतो. आम्लातल्या हायड्रोजन आयनाची ओढ दोघांपुरतीच पुरते. गंधकाबरोबर तापवलं तर फेरस सल्फाइड, म्हणजे २. आणि फेरिक आयनासमोर आयोडाइड ठेवलं तर फेरिक आयन त्याच्याचकडून इलेक्ट्रॉन घेऊन परत फेरस होतो, आयोडीन मोकळं पडतं. संयुजा एकट्या लोखंडाच्या अंगात कोरलेली नाही. ती लोखंड, समोरचा आणि आजूबाजूची परिस्थिती या तिघांच्या हिशेबातून निघते.

आता तुझ्या घरच्या बगीच्यात ये. डिंक्या हा खोडाचा रोग येऊ नये म्हणून संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचा, एकत्र करायचा आणि मग इळा किंवा लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून बघायचा. तुझ्या आजोबांनी हे नक्की केलं असेल. इळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी घाला. नाहीतर मोकळं तांबं पानांना जाळतं.

हा तांबूस थर म्हणजे शुद्ध तांबं. मोरचुदातला तांब्याचा आयन २ प्रभाराचा आहे. तो इळ्याच्या लोखंडाकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होऊन इळ्यावर बसतो. इळ्याचं लोखंड त्या जागी पाण्यात उतरतं, पण उतरतं ते २ होऊन, ३ होऊन नाही. कारण तिसरा इलेक्ट्रॉन ओढण्याइतकी ताकद तांब्याच्या आयनात नाही. उलट फेरिक लोखंडच तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून विरघळवतात, ते याच गुणावर. म्हणजे साधं लोखंड तांब्याला इलेक्ट्रॉन देतं आणि ३ झालेलं लोखंड तांब्याकडून घेतं. हे दोन्ही लक्षात ठेवलंस तर तिसऱ्या इलेक्ट्रॉनची किंमत किती, ते पाठ करावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण हिराकसाचं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे खडे. पिशवीचं तोंड उघडं राहिलं की काही दिवसांत खड्यांवर पिवळसर तपकिरी भुकटी येते. हवेतला ऑक्सिजन तिसरा इलेक्ट्रॉन घेऊन जातो. हेच तुमच्या जमिनीतही होतं. चुनखडी असलेल्या जमिनीत संत्र्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोखंड नसतं असं नाही, भरपूर असतं. पण चुन्यामुळे जमीन अल्कधर्मी असते, तिथे लोखंड ३ होऊन फेरिक हायड्रॉक्साइडच्या रूपात बसतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. संत्र्याच्या मुळांना ते उचलायचं असेल तर आधी मुळाच्या पृष्ठभागावर त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन ३ चं २ करावं लागतं. अल्कधर्मी मातीत मुळांना हे काम जड जातं. अशा मातीत नुसतं हिराकस टाकलं तर त्यातलंही बरंच लोखंड तसंच अडकून बसतं. म्हणून पानांवर फवारणी करतात किंवा चिलेटेड लोखंड, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, सहज अडकून न बसणारं लोखंड वापरतात. किती आणि कधी हे कृषी सहायकांना विचारूनच करा, ते प्रमाण मी इथून सांगणार नाही. पण पिवळ्या पानाचं कारण तुझ्या प्रश्नात दडलेलं आहे, एवढं बाबांना जरूर सांग.

जस्ताचं मात्र असं होत नाही. झिंक सल्फेटची पिशवी उघडी राहिली तर माल ओला होईल, पण जस्ताचं २ चं ३ होणार नाही. जस्ताच्या ३डी मध्ये दहाच्या दहा जागा भरलेल्या असतात, बाहेर दोन. दोन गेल्यावर तिसऱ्याला ३८३३ किलोज्यूल पडतात आणि त्याची भरपाई कुणी करत नाही. लोखंडापासून चारच घरं पुढे असून त्याचा आकडा पक्का.

तांब्याचं कोडं थोडं वेगळं आहे आणि मला स्वतःला ते फार आवडतं. तांब्याचं ३डी सुद्धा पूर्ण भरलेलं, बाहेर एकच इलेक्ट्रॉन. पहिला काढायला ७४५ आणि दुसऱ्याला १९५८. एवढंच पाहिलं तर तांबं १ वर खूश राहायला हवं. पण पाण्यात सगळं मोरचूद २ चं असतं. कारण २ प्रभाराच्या लहान आयनाला पाण्याचे रेणू इतके घट्ट धरतात की त्या परतफेडीत दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च निघून जातो. १ चा आयन पाण्यात सोडला तर तो टिकत नाही, अर्धे आयन धातू होतात आणि अर्धे २ होतात. पाण्यात न विरघळणाऱ्या घन पदार्थात मात्र १ टिकतं. तांबड्या क्युप्रस ऑक्साइडमध्ये ते आहे, काळ्या क्युप्रिक ऑक्साइडमध्ये २. प्रयोगशाळेत साखर ओळखताना बेनेडिक्टचं निळं द्रावण तापवल्यावर विटकरी होतं, तेव्हा तांबं २ वरून १ वर येत असतं.

शिसं आणि कथिल यांचं कारण निराळं, ते थोडक्यात. त्यांच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन असतात, दोन पी मध्ये आणि दोन एस मध्ये. कधी पी मधले दोनच जातात, कधी चारही कामाला लागतात. शिशात एस ची जोडी केंद्रकाने घट्ट धरलेली असते, म्हणून त्याला २ जास्त मानवतं.

एक सावधगिरी. मोठे आकडे दिसले की तिथे तेवढ्या प्रभाराचा आयन आहे असं समजू नकोस. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथला मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये वापरतात, त्यात मँगनीजचा आकडा ४. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये तोच आकडा ७. पण सात इलेक्ट्रॉन गमावलेला मँगनीज आयन तिथे मोकळा बसलेला नाही. एवढी किंमत कोणताच समोरचा भरू शकत नाही. तिथे मँगनीज आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, आणि ७ हा आपण हिशेबासाठी लिहिलेला आकडा असतो. इंग्रजी पुस्तकात तो "ऑक्सिडेशन स्टेट" नावाने येईल. आयनिक संयुगांमध्ये धातूंचे आकडे बहुतेक १, २, ३ एवढ्यातच राहतात.

आता शाखेचं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेला येत नाही हे खरं नाही. बारावीला संक्रमण मूलद्रव्यांचं अख्खं प्रकरण आहे, आणि बदलती संयुजा हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. सरांवर राग धरू नकोस. भरलेल्या वर्गात, पोर्शन मागे पडलेला असताना असं उत्तर तोंडातून जातं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही एका मुलाला "पाठ कर" म्हणाले आहे, आणि त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. ते मला अजून टोचतं. म्हणून तुला सांगते, तू हात खाली ठेवू नकोस. वर्गात नको वाटत असेल तर तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी जा आणि नेमकं विचार: "सर, लोखंडाची तिसरी आयनायझेशन एनर्जी मॅग्नेशियमच्या तिसरीपेक्षा इतकी कमी का?" आयनायझेशन एनर्जी म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी तीच ऊर्जा. असा प्रश्न आला की शिकवणाऱ्याला टाळता येत नाही, आणि खरं सांगू, टाळावासाही वाटत नाही.

तुझी खरी अडचण मला केमिस्ट्री वाटतच नाही, ती इंग्रजी वाटते. एक वही कर. डावीकडे तुझे दहावीचे शब्द, संयुजा, आयन, कवच, क्षपण, आणि उजवीकडे अकरावीचे, व्हॅलन्सी, आयन, शेल, रिडक्शन. रोज पाचच शब्द लिही. दिवाळीपर्यंत पुस्तक अर्धं ओळखीचं होईल. वाईट याचं वाटतं की हे काम शाळेने करून द्यायला हवं होतं, आणि ते खेड्यातल्या मुलींना एकटीने करावं लागतं.

बाबांना वर्ष वाया जाण्याची भीती आहे, ती समजण्यासारखी आहे. फीचे आणि बसच्या पासचे पैसे त्याच बगीच्यातून येतात. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना सांग, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा, निकाल बघून ठरवू. आर्ट्स कमी दर्जाचं आहे असं मी म्हणणार नाही, ज्याला इतिहासाची किंवा भाषेची ओढ आहे त्याने तिकडेच जावं. पण तू तिकडे ओढीने निघालेली नाहीस, वर्गातल्या हसण्याने निघाली आहेस. आणि हेही सांग की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी. ॲग्रीला जायचं असेल तर बारावी सायन्स लागतं. नागपूरला लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिथे तुमच्याच संत्र्यावर काम चालतं.

आता एक काम. वावरात हिराकस असेल तर त्याचा छोटा खडा पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात विरघळव आणि काचेच्या दोन जुन्या ग्लासांत सारखं वाट. एकात थोडा लिंबाचा रस घाल. दुसऱ्यात चुन्याची निवळी घाल, तिथे लगेच मळकट हिरवा साका बनेल. दोन्ही ग्लास उघडे ठेव, जेवणखाण्याच्या भांड्यांपासून आणि शेळ्यांपासून लांब, आणि नंतर हात धू. चुन्याच्या ग्लासात तपकिरी रंग आधी वरून धरेल की तळातून, आणि लिंबाच्या ग्लासाचं तिसऱ्या दिवशी काय झालेलं असेल, ते आधी अंदाजाने लिहून ठेव आणि मग बघ. दोन्ही मला कळव, अंदाजही आणि जे दिसलं तेही.